दिव्यांग प्रमाणपत्र काढावं की नाही? ठरवण्यापासून पार्किंगच्या जागेपर्यंत, क्रमानं

हा लेख चालण्याफिरण्याच्या अडचणीसाठी लिहिला आहे: गुडघा, खुबा, मणका, अपघातानंतरचा पाय, पक्षाघातानंतरची कमजोरी. अशा माणसांना बहुतेक वेळा दुखण्यापेक्षा क्रम चुकल्याचा त्रास जास्त होतो. कुणी आधी गाडी घेतो आणि मग प्रमाणपत्राच्या मागे लागतो. कुणी तहसीलमध्ये पेन्शनचा अर्ज देतो आणि तिथून सिव्हिलला परत पाठवला जातो. कुणी दुकानातून व्हीलचेअरच्या चित्राचं स्टिकर आणून काचेला लावतो आणि पार्किंगचं काम झालं असं समजतो.

माझ्या उजव्या पायाचा घोटा अपघातानंतर उचलला जात नाही. ‘आपण कुठे अपंग आहोत’ असं म्हणत मी तीन वर्षं काढली आणि नंतर गेलो तेही चुकीच्या तयारीनं. त्यामुळे खाली सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत.

## टप्पा १: नक्की कशासाठी हवं आहे ते आधी लिहा

एका कागदावर सरळ लिहा: मला यातून काय मिळवायचं आहे? ‘मिळेल ते’ असं उत्तर असेल तर चार चकरांनंतर उत्साह संपतो. प्रत्येक सवलतीची अट वेगळी आहे, म्हणून आपलं घर कोणत्या खान्यात बसतं ते आधी पाहायचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण बहुतेक लाभांसाठी खरी रेषा ४० टक्के अपंगत्वाची आहे. त्याखाली टक्के बसले तर कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, मिळतं, लाभ मात्र फारसे मिळत नाहीत.

नोकरदार, कर भरणारा. स्वतःच्या अपंगत्वासाठी उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८०यू खाली होती, त्यामुळे सगळे तिला अजून त्याच नावानं ओळखतात. खर्चाची बिलं लागत नाहीत. पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नवी प्रणाली निवडली असेल तर यातून एक रुपयाही वाचत नाही. शिवाय वजावट म्हणजे परतावा नव्हे. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७५,००० वर साधारण १५,००० रुपये आणि त्यावरचा उपकर, एवढीच बचत. राज्याचा व्यवसाय कर ४० टक्क्यांपासून माफ होतो. रक्कम छोटी आहे, पण पगारपत्रकात एकदा नोंद झाली की दर वर्षी मागे लागावं लागत नाही.

कमी उत्पन्नाचं घर. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये आहेत. वय १८ ते ६५, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, या अटी. घरात एक जण कायम पगारावर असेल तर इथे वेळ घालवू नका.

प्रवास करणारा. एसटीत ४० टक्क्यांपासून भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं गणित वेगळं आहे, ते टप्पा ७ मध्ये.

सरकारी नोकरी किंवा शिक्षण. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात. घरात अशी अडचण असलेला तरुण मुलगा किंवा मुलगी असेल तर प्रमाणपत्राला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

> थांबा: ‘कार्ड काढलं तर साहेब कामावरून काढतील’ ही भीती मी फार ऐकतो. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणावरून काढता येत नाही आणि पदही खाली आणता येत नाही, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहे. खासगी नोकरीत कार्ड कार्यालयात दाखवायचं की नाही हा निर्णय तुमचा. कार्ड काढणं आणि ते जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिहिलेल्या कागदावर तुम्हाला लागू पडणारी एकही गोष्ट उरली नाही तर आत्ता अर्ज करू नका. आजार वाढणारा असेल तर फाईल मात्र आजपासूनच बनवायला लागा.

## टप्पा २: जाण्याची वेळ आली आहे का?

बोर्ड, म्हणजे सरकारी रुग्णालयात तपासून टक्के ठरवणारे डॉक्टर, आजाराचे टक्के देत नाही. आजारामुळे हातापायांचं किती काम गेलं, त्याचे टक्के देतं. म्हणून प्रकृती स्थिरावण्याआधी गेलात तर एक तर परत पाठवतात, नाही तर मुदतीचं, म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र देतात.

पक्षाघात आणि इतर मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांत सुरुवातीपासून सहा महिने तरी जाऊ द्यावे लागतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ती होऊन जाऊ द्या. गुडघा पुढच्या महिन्यात बदलायचा आहे आणि आज टक्के घ्यायला जायचं, याला अर्थ नाही.

मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं तरी नाराज होऊ नका, ते त्या काळापुरतं चालतं. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाला लागा, एवढं लक्षात ठेवा. संपल्यावर गेलात तर मधल्या काळात सवलती थांबतात आणि मागच्या तारखेपासून पुन्हा सुरू होत नाहीत.

## टप्पा ३: फाईल बनवा, घाई न करता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ऑनलाइन अर्ज अर्ध्या तासात होतो. फाईलला दोन आठवडे लागले तरी चालतील.

ओळखीचे कागद: आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षरशः सारखी आहे ना, ते बघा. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रेय’ असं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. कार्ड निघाल्यावर बँकेपासून तहसीलपर्यंत हीच मात्रा आडवी येते.

वैद्यकीय कागद तारखेच्या क्रमानं लावा, सगळ्यात नवा वर: डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी, एक्स-रे किंवा एमआरआय आणि त्यांचे लेखी अहवाल, फिजिओथेरपीची नोंद. नसेची दुखापत असेल तर नसांच्या तपासणीचा अहवालही. एक्स-रेच्या फिल्म गुंडाळी करून नेऊ नका, मोठ्या पाकिटात सपाट ठेवा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या. ‘रुग्णास चालण्यास त्रास होतो’ एवढ्यावर भागत नाही. कोणता सांधा किती वाकतो, कोणत्या स्नायूत किती ताकद उरली, पाय किती सेंटिमीटर आखूड आहे, सुधारण्याची शक्यता आहे का, हे आकड्यांत यायला हवं.

आणि आठ दिवसांची वही. रोज रात्री चार ओळी: आज न थांबता किती चाललो, किती वेळ उभा राहिलो, जिना कसा चढलो, कुठे तोल गेला, काय करणं टाळलं. वही बोर्डाला देण्यासाठी नाही, आपल्याला नेमकं उत्तर देता यावं यासाठी आहे. वर्षानुवर्षं त्रास सहन करणारा माणूस तो विसरलेला असतो. भाजी आणायला जाणं कधी बंद झालं, हे माझ्या लक्षात वही लिहिताना आलं.

> तपासा: सगळ्या कागदांचे दोन झेरॉक्स संच, मूळ प्रती वेगळ्या आणि मोबाईलमध्ये प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो. मूळ कागद कुणाकडेही जमा करायचे नाहीत, फक्त दाखवायचे.

## टप्पा ४: स्वावलंबन पोर्टलवर अर्ज

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे वैश्विक ओळखपत्र, दोन्हींसाठी हाच एक अर्ज. ज्यांचं जुनं कागदी प्रमाणपत्र आहे त्यांनाही इथूनच कार्ड घ्यावं लागतं.

चुका मुख्यतः तीन जागी होतात. पहिली, मोबाईल क्रमांक: सायबर कॅफेवाल्याचा किंवा भाच्याचा देऊ नका, पुढचे सगळे संदेश आणि ओटीपी त्यावरच येतात. दुसरी, रुग्णालयाची निवड: आपण राहतो त्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत ते, तेही या कामासाठी अधिकृत केलेलं असलं पाहिजे. जवळचं मोठं खासगी रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी त्याच्या पत्राला प्रमाणपत्राची किंमत नाही. तिसरी, अपंगत्वाचा प्रकार: पायाबरोबर ऐकण्याचाही त्रास असेल तर दोन्ही नोंदवा. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, ते एका सूत्रानं एकत्र करतात, पण नोंदच केली नाही तर दुसऱ्याची तपासणीच होत नाही.

अर्ज सादर झाला की नोंदणी क्रमांकाची पावती छापून फाईलच्या पहिल्या पानावर लावा. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे आणि दोन वर्षांहून जास्त काळ पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो. म्हणजे अर्ज टाकून घरी बसून चालत नाही.

## टप्पा ५: तपासणीचा दिवस

बोर्ड रोज बसत नाही. बहुतेक ठिकाणी ठरलेला वार असतो, हाडांचे वेगळे, कान-नाक-घशाचे वेगळे. आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि ‘सकाळी’ म्हणजे किती वाजता हेही विचारा.

पाय कसा तपासतात ते माहीत असलं की निम्मं दडपण जातं. एका बाजूला सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजतात. दुसऱ्या बाजूला स्थिरता बघतात, म्हणजे नऊ साध्या कृती: सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. दुखणं, आखडलेला सांधा अशा गोष्टींसाठी थोडे वाढीव गुण असतात, ते सगळे मिळून १० च्या वर जात नाहीत. ‘मला इतकं दुखतं तरी टक्के कमी का’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे. दुखण्याचा वाटा मुळातच लहान ठेवलेला आहे. न जमणारी कृती स्पष्टपणे ‘जमत नाही’ म्हणून नोंदली जाणं म्हणूनच महत्त्वाचं.

आता माझी फजिती. पहिल्या वेळी मी सकाळी दोन वेदनाशामक गोळ्या घेतल्या, इस्त्रीची घट्ट पँट घातली, काठी गाडीत ठेवली आणि डॉक्टरांसमोर ताठ चालून दाखवलं. ‘जिना चढता का?’ ‘हो, चढतो की.’ कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबत चढतो, हे सांगायचं राहूनच गेलं. विचारलं ते बरोबर होतं आणि मी दिलेलं उत्तरही खोटं नव्हतं. ३२ टक्के बसले.

तेव्हा हे करा:

1. सैल कपडे घाला. पाय गुडघ्याच्या वरपर्यंत मोकळा करता आला पाहिजे.
2. काठी, पट्टा, कॅलिपर, जे रोज वापरता ते बरोबर न्या. जे वापरत नाही ते त्या दिवसापुरतं उसनं आणू नका.
3. रोजच्या गोळ्या रोजच्यासारख्याच घ्या. खास जास्तीची गोळी नको आणि मुद्दाम चुकवणंही नको.
4. प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’वर थांबू नका. ‘हो, पण कठडा धरून आणि दहा पायऱ्यांनंतर थांबून,’ असं पूर्ण सांगा.
5. बरोबर एक माणूस असू द्या, पण उत्तरं तुम्हीच द्या. बायको मागून ‘अहो, सांगा ना’ म्हणाली की डॉक्टर तिच्याकडे बघायला लागतात आणि वहीतले मुद्दे राहून जातात.

> सावध: वाढवून सांगू नका. अनुभवी डॉक्टर तुम्हाला दारातून आत येताना आणि बूट घालताना बघत असतात. खोटेपणानं लाभ घेतला तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणून आवारात भेटणाऱ्या माणसाशी बोलायलाही थांबू नका.

## टप्पा ६: निकाल हातात आल्यावर

कार्डाच्या रंगावरून गट कळतो: ४० पेक्षा कमी पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पण लाभ देणारा रंग बघत नाही, प्रमाणपत्र वाचतो. म्हणून त्याच दिवशी पाच गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, कोणता पाय (उजव्याचा डावा झालेला मी पाहिला आहे), टक्के, आणि कायम की मुदतीचं. चूक लगेच दाखवली तर दुरुस्ती सोपी असते.

टक्के कमी बसले किंवा नकार आला तर कारण लेखी मिळण्याचा हक्क आहे आणि निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. मी ते ९० दिवस नुसता चिडण्यात घालवले. अपिलात रागाला जागा नाही. काय मोजायचं राहिलं ते लिहायचं: ‘घोट्याच्या स्नायूंची ताकद नोंदवलेली नाही, नसांच्या तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे.’ मुदत गेल्यावर मला पुढे त्रास वाढला तेव्हा नव्या अहवालांसह पुन्हा जावं लागलं. त्या वेळी ४६ टक्के बसले, कायम. काठी हातात होती.

## टप्पा ७: लाभांचा क्रम

कार्ड आलं म्हणून सगळे अर्ज एकाच आठवड्यात करू नका. झटपट होणारे आधी.

व्यवसाय कर आणि आयकर: कार्यालयाच्या लेखा विभागात प्रत द्या, आर्थिक वर्ष संपायच्या बरंच आधी. फेब्रुवारीत दिली तर कर आधीच कापलेला असतो आणि विवरणपत्रातून परत मागावा लागतो. एकाच व्यक्तीसाठी तिनं स्वतः ८०यू आणि घरच्यांनी अवलंबित म्हणून ८०डीडी, असं दोन्ही घेता येत नाही.

एसटी: ४० टक्क्यांची ७५ टक्के सवलत. अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर साथीदारालाही ५० टक्के.

रेल्वे: इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. पायाच्या अपंगत्वात सवलत फक्त अशांना आहे जे सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाहीत. ४६ टक्क्यांचं कार्ड असूनही मला ती लागू नाही, कारण मी एकटा जाऊ शकतो. ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी रेल्वेच्या स्वतःच्या नमुन्यातलं वेगळं सवलत प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरकडून भरून घ्यावं लागतं आणि त्यावर रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र मिळतं. स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, टू एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, सोबत्यालाही तेवढीच. कोरा नमुना बोर्डाच्याच दिवशी बरोबर न्या, एक चक्कर वाचते.

निराधार योजना: उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, कार्ड आणि आधारशी जोडलेलं बँक खातं घेऊन तहसील कार्यालय किंवा सेतू केंद्र. उत्पन्नाचा दाखला ताजा हवा, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा. मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की पैसे बंद.

याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. ग्रामसेवकाला ‘काही योजना आहे का?’ असं विचाराल तर ‘नाही’ म्हणतील. ‘यंदाच्या पाच टक्के निधीतून काय घेतलं?’ असं विचारा आणि नोंदणीच्या यादीत नाव घालून घ्या.

## टप्पा ८: गाडी आणि पार्किंग

देशभर चालेल असा एकच पार्किंग परवाना आपल्याकडे नाही. त्याच्या शोधात दिवस घालवू नका. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडीची नोंदणी. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय आहे. नवी गाडी घेताना विक्रेता तो भरत नाही, त्याला आधीच सांगा आणि सही करण्यापूर्वी रकाना बघा. म्हणूनच कार्ड आधी, गाडी नंतर. हातानं चालवण्यासाठी ब्रेक-ॲक्सिलरेटर बदलून घेतले तर तो बदल आरटीओत तपासून नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो आणि लायसन्सही त्या प्रकारच्या वाहनाचं लागतं. दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला राष्ट्रीय महामार्गावर टोलमाफी आहे, त्यासाठी सूट असलेला वेगळा फास्टॅग घ्यावा लागतो. साध्या गाडीवर नुसतं कार्ड दाखवून टोल सुटत नाही. नाक्यावर वाद घालू नका, मागे रांग लागते.

सार्वजनिक इमारती. राखीव जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद असायला हवी. ही जास्तीची रुंदी व्हीलचेअर दाराशी लावण्यासाठी असते. तिथे कुणी स्कूटर घुसवली की जागा असून नसल्यासारखी. मूळ कार्ड गाडीत हाताशी ठेवा आणि रखवालदाराला काच खाली करून आधीच दाखवा. स्टिकर लांबून दिसावं म्हणून लावा, पण ते कुणालाही विकत मिळतं, त्याला अधिकार नाही. पैसे देऊन लावायच्या जागांचे नियम प्रत्येक महापालिकेचे वेगळे, दरफलक वाचा. आणि कार्डधारक गाडीत नसेल तर ती जागा तुमची नाही. माझा मुलगा एकदा माझी गाडी तिथे लावून आला, त्याला परत पाठवलं.

सोसायटी. खरी रोजची गरज इथे असते आणि तोंडी बोलण्यानं इथेच सगळं बिघडतं. सचिवांना लेखी अर्ज द्या: लिफ्ट किंवा जिन्याजवळची अमुक क्रमांकाची जागा, कारण, कार्डाची प्रत. पोच घ्या. दुसऱ्या सभासदाला दिलेली जागा मागत असाल तर अर्जाआधी त्याच्या घरी जाऊन बसा, अदलाबदल सुचवा. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत विषय आला पाहिजे, ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलू देऊ नका. ठराव झाला की इतिवृत्ताची प्रत मागून फाईलला लावा, कारण पुढच्या वर्षी समिती बदलते.